काकी, आपलं कापडाचं भांडण अर्धवट राहिलं

काकी, गाळा सोमवारी उघडला. तुझं तेरावं झाल्यावर महेशदादा म्हणाला, आता आणखी किती दिवस बंद ठेवायचा, बायकांचा रोज बुडतो. त्यानेच कुलूप काढलं, दिवे लावले आणि मग मध्येच उभा राहिला. पुढे काय करायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं. तुझा मुलगा पवईत काचेच्या इमारतीत कम्प्युटरवर काम करतो, त्याला बिचाऱ्याला ओव्हरलॉकचं मशीन कुठलं आणि साधं कुठलं तेही ओळखता येत नाही. त्याने मला खिडकीपाशी बोलावलं.

"प्रज्ञा, हा सीझन करू. नीट झाला तर पुढचं बघू. पण गेल्या वर्षीसारखं झालं आणि शाळेच्या गणवेशाची ऑर्डर गेली, तर मी बंद करणार. मला नाही झेपणार हे. शर्टाचं कापड कोणाकडून घ्यायचं ते तू सांग. शनिवारपर्यंत."

मी म्हटलं, "दादा, त्याच्यावरूनच तर आमचं भांडण चालू होतं."

"माहितीये. आई घरी येऊन तेच बोलायची. जेवताना पण तेच. आता तूच मिटव."

दोघींनी सुरू केलेलं भांडण एकीने कसं मिटवायचं, काकी? मला येत नाही. म्हणून हे लिहायला बसले. तुला वाचून दाखवायची सवय आहे म्हणूनही असेल.

मी पहिल्यांदा गाळ्यात कामासाठी आले तेव्हा तुला "तुम्ही" म्हटलं होतं, आठवतं? त्याआधी आईला डबा द्यायला यायचे, पण दारातूनच. आई तुझ्याकडे धागे कापायच्या टेबलावर, आणि मी कॉलेजला जाणारी आमच्या घरातली पहिली, त्यामुळे आईला वाटायचं मी असल्फ्याच्या या गल्लीत कमीत कमी दिसावं. पण कॉलेजने सांगितलं, एखादा छोटा उद्योग बघा, त्याचं काम कसं सुधारता येईल ते लिहा. माझ्या वर्गातल्या मुलींचे काका-मामा होते दुकानं, कारखाने असलेले. मला एकच उद्योग माहीत होता.

"तुमच्या कामाची पद्धत बघायची होती," मी म्हणाले.

तू कैची खाली ठेवलीस. "तुम्ही? ही कोण बाई गं, मला तुम्ही म्हणतेय? रंजना, तुझी पोरगी इन्कम टॅक्समधून आलीये काय?"

सगळ्या हसल्या. आईही हसली, तोंडावर पदर घेऊन. तू म्हणालीस, "काकी म्हण आणि तू म्हण. तुम्ही म्हटलं की मला वाटतं समोरच्याला काहीतरी पाहिजे."

मला काहीतरी पाहिजेच होतं. पण ते मी तेव्हा बोलले नाही.

तुझी पद्धत मी लिहायला घेतली आणि पहिल्याच आठवड्यात अडखळले. नवीन व्यापाऱ्याकडून कापड आलं की पहिला तागा तू परत पाठवायचीस. खराब असो वा चांगला, परतच. कटिंगचे मास्तर टेबलावर कापड पसरायचे, तू हात फिरवायचीस, मान हलवायचीस, आणि मग काहीतरी खोट काढायचीस. रंग डोळ्यात घुसतो. काठाला लाट आहे. एकदा खिशाच्या कापडवाल्याला तू सांगितलंस की तुझ्या कापडाला रॉकेलचा वास येतो. तो स्वतः तागा घेऊन आला होता. त्याने सगळ्यांसमोर तागा नाकाला लावला, मग मान वळवून हवेत वास घेतला आणि म्हणाला, "बाई, वास तुमच्या चहाच्या स्टोव्हचा आहे. तो परत पाठवू का?"

तू एवढी हसलीस की खोकला लागला. त्याच्याकडून आपण अजून खिशाचं कापड घेतो.

मी विचारलं, "काकी, पण कापड चांगलं होतं ना?"

"उत्तम."

"मग हे खोटं झालं."

"चांगला माल सगळेच देतात गं पहिल्यांदा. परत घेताना माणसाचं तोंड कसं होतं, ते बघायचं. उद्या मेच्या मध्यात खरंच खराब तागा आला, तर हा माणूस फोन उचलेल की नाही, ते मला आज कळायला पाहिजे."

"पण खोटं बोलून खरा माणूस कसा शोधणार?"

रागावलीस की तू मालवणीत शिरायचीस. "माका शिकवतंस?" म्हणालीस, आणि पुढे पाच मिनिटं जे बोललीस त्यातलं मला निम्मं कळलं नाही. आई म्हणाली, बरंच झालं.

कॉलेजात ते सगळं सांगायचा दिवस आला तेव्हा तू स्वतः आलीस. मी बोलावलं होतं, पण येशील असं वाटलं नव्हतं. निळी नारायणपेठ नेसून, पहिल्या बाकावर, मांडीवर पर्स. सरांनी नेमकं पहिल्या ताग्यावर बोट ठेवलं. हे योग्य आहे का, असं विचारलं. मी उत्तर द्यायच्या आधी तू उभी राहिलीस. "सर, तुम्ही मुलगी बघायला गेला असाल ना? चहा प्यायला गेला होता काय?"

सगळा वर्ग हसत सुटला. सरही हसले. मी म्हणाले, "सर, मला ते योग्य वाटत नाही. मी तसं लिहिलंय." तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

घरी परतताना घाटकोपर स्टेशनजवळ आपण उसाचा रस प्यायलो. तू अर्धा ग्लास संपवलास. मग म्हणालीस, "माझ्यासमोर बोललीस ते बरं केलंस. मागनं बोलली असतीस तर उद्यापासून तुला चहा नव्हता." एवढंच. दुसऱ्या दिवशी तू मला गाळ्यात येऊन बसायला सांगितलंस. कॉलेज सुटल्यावर, रोज. मला तर तेच पाहिजे होतं.

शर्टाचं सांगते. गेल्या वर्षी आकाशी शर्टांची एक बाही फिकी आणि अंग गडद, असे शर्ट शाळेत गेले. आपल्या शिवणाऱ्यांची त्यात चूक नव्हती. आपले जुने कापडवाले भरतभाई यांच्याकडून आलेले तागे एकाच रंगाचे म्हणून आले होते, पण दोन ताग्यांमध्ये फरक होता, आणि आपण कापून झाल्यावर सगळ्या ताग्यांच्या बाह्या एका ढिगात टाकायचो, सगळी अंगं दुसऱ्या ढिगात. मुख्याध्यापिका बाईंनी तुला बोलावून घेतलं. तू ते शर्ट दुरुस्तीला परत घेऊन आलीस.

मी सुचवलं की कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर ताग्याचा नंबर चिकटवू. एकाच ताग्याची बाही, कॉलर, अंग एकत्र शिवू. मास्तर कुरकुरले, "इतना टाइम किसके पास है?" तू म्हणालीस, करून बघू, पोरीने डोकं चालवलंय. मग जे झालं ते मी कोणालाच सांगत नाही, पण तू सगळ्यांना सांगायचीस. मी आणलेल्या चिकटपट्ट्या इस्त्रीने कॉलरला अशा बसल्या की निघेनात. दुरुस्त करून पाठवलेल्या शर्टांवर मागे नंबर. शाळेतून फोन आला, आमची मुलं कैदी आहेत का? आणि तू अगदी गंभीर आवाजात म्हणालीस, "नाही बाई, सहलीला हरवली तर सापडावीत म्हणून."

फोन ठेवलास आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "वाट लावलीस. आता दुसरा गोंद शोध." तू ते बंद कर म्हणाली नाहीस. मी दुसरा गोंद शोधला. आता मास्तरच नंबर चिकटवल्याशिवाय तुकडा पुढे देत नाहीत.

पण नंबर चिकटवून बाही-अंग जुळतं, शेजारी बसलेल्या दोन मुलांचे शर्ट जुळत नाहीत. तागेच वेगळे असतील तर आपण काय करणार? तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं.

मी तीन व्यापाऱ्यांचे नमुने मागवले, धुतले, उन्हात वाळवले. एक तक्ता केला. रंग एकसारखा आहे का, धुतल्यावर आटतं किती, वेळेवर येतं का, प्रत्येकाला दहापैकी गुण. भिवंडीचे इरफानभाई पहिले आले. भरतभाई शेवटचे. मी तो कागद तुझ्यासमोर ठेवला आणि हात धुवायला गेले. परत येते तर तू भरतभाईंचे सगळे गुण खोडून दहा-दहा केले होतेस.

"काकी, आटण्यालाही दहा?"

"झकास आटतं."

मी हसले नाही, काकी. हसायला हवं होतं. मी म्हणाले, कापड नात्यावर निवडायचं असेल तर मी कशाला धुतलं? आणि तू म्हणालीस, "टाळेबंदीत तुझ्या घरात चूल कोणाच्या कापडावर पेटली, आईला विचार."

आईला विचारायची गरज नव्हती. तेव्हा मी शाळेत होते, मला आठवतं. सगळं बंद, आणि भरतभाईंनी कोणी न मागता सुती कापडाचा टेम्पो पाठवला, मास्क शिवा म्हणून. आई घरी बसून नाड्या लावायची, मी उलटे शिवलेले मास्क सुलट करायचे. मला ते माहीत होतं, आणि तरी तो शर्टही वाईटच होता. दोन्ही गोष्टी खऱ्या असताना काय करायचं असतं ते मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. मी दप्तर उचललं आणि निघाले. तू मागून म्हणालीस, "पंखा बंद करून जा."

ते तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य; मी पुन्हा यायच्या आत तू गेलीस. मी पंखा बंद केला, पण 'येते' म्हणाले नाही. रोज म्हणायचे.

गाळा उघडला त्याच दुपारी टेम्पोवाला एक तागा टाकून गेला. आकाशी. मी मास्तरांना विचारलं, हा कोणाचा?

"इरफानभाई का. काकीने मंगवाया था. तुम झगड़ा करके गयी ना, उसके दूसरे दिन."

मी ताग्याजवळच बसले. तू मला सांगितलं नव्हतंस. सांगणार होतीस का? की आधी परत पाठवून, त्याचं तोंड बघून, मग सांगणार होतीस? मास्तर म्हणाले, "काकी का रूल है. पहला थान वापस."

आम्ही तो पसरला. मी कडेपासून कडेपर्यंत बघितलं, तुकडा कापून धुतला. काही दोष नव्हता. मी फोन लावला. बोलायचं वाक्यही ठरवलं होतं, काठाला लाट आहे. इरफानभाई जेवत होते. मी म्हणाले, "आपका कपड़ा..." आणि तिथेच थांबले. मग म्हणाले, "अच्छा है." ते म्हणाले, "हां, तो?" मी म्हटलं, कळवते. माणसाची परीक्षा घ्यायला गेले आणि तो वरणभात खातोय की डाळभात तेवढंही नीट कळलं नाही. मला नाही जमत ते, काकी. तू असतीस तर म्हणाली असतीस, मग गाळा कसा चालवशील?

पण तू इरफानभाईंचा तागा मागवलास, यातून मला एवढं कळलं की तुलाही आकाशी शर्ट दिसत होता. मग अडत कुठे होतं? ते कळायला मी मुलुंडला गेले, भरतभाईंच्या गोडाऊनवर. आई म्हणाली, शर्टाचं फोनवर सांग. पण हे फोनवर सांगायचं नाही, एवढं तुझ्याकडे बसून शिकले होते.

भरतभाईंनी मला ओळखलं. "रंजनाची बेबी ना? बस, बस." चहा मागवला. तुझ्याबद्दल विचारत राहिले. त्रास झाला का, घरीच होती का, जेवली होती का. मग मी पिशवीतून गेल्या वर्षीचे दोन आकाशी शर्ट काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

ते उठले आणि दोन्ही शर्ट दारातल्या उजेडात घेऊन गेले.

"हे माझं कापड आहे?"

"हो, काका."

"कधीपासून असं येतंय?"

"गेल्या सीझनपासून."

"शालनबेन काही बोलली नाही. मी दर वेळी विचारायचो, माल कसा आहे? म्हणायची, भरतभाई, तुमचा माल म्हणजे बघायलाच नको." ते खुर्चीत बसले. "मुलाने रंगाईवाला बदलला. मला वाटतच होतं. पण सगळ्यात कडक गिऱ्हाईक माझं ते, ती काही बोलत नाही म्हटल्यावर मी म्हटलं ठीकच असेल. एकदा ओरडली असती तर मी मुलाचा कान धरला असता."

काकी, मी तुला दोष द्यायला गेले नव्हते. पण तुझं असंच होतं. जगातल्या प्रत्येकाचा पहिला तागा तू परत पाठवलास, आणि जो त्यातून पास झाला त्याला पुढे कधी काहीच म्हणाली नाहीस. एकदा माणूस आपला झाला की तुझे डोळे बंद. भरतभाईंचं त्यात नुकसान झालं. त्यांना कळलंच नाही.

ते म्हणाले, "आता बदलतो रंगाईवाला. एक महिना दे."

एक महिना आपल्याकडे नाही. मला ते बोलायचं होतं आणि समोर चहा होता, त्यांनी मागवलेला. मी म्हणाले, "काका, या वर्षी शर्टाचं कापड नाही घेणार. पँट आणि स्कर्टचं गडद निळं तुमच्याकडूनच. ते चांगलं येतं, मी धुऊन बघितलंय. शर्टाचा नमुना पुढच्या वर्षी पाठवा, मी परत बघेन. आणि खराब आला तर फोन करून सांगेन."

त्यांचं तोंड मी बघत होते. मुद्दाम नाही, पण बघत होते. आधी लाल झालं. मग ते म्हणाले, "ओरडून सांग. मला हल्ली कमी ऐकू येतं." आणि दोन्ही शर्ट ठेवून घेतले, मुलाला दाखवायला.

परतीच्या बसमध्ये मला एक गोष्ट आठवली आणि मी खिडकीकडे तोंड केलं, कारण शेजारी बाई बसली होती. माझं पहिलं लिखाण मी तुला आणून दिलं होतं, तुझ्या गाळ्याबद्दलचं. तू वरचं पान बघितलंस आणि परत दिलंस. "बरोबर नाही. पुन्हा लिही." काय बरोबर नाही ते सांगितलं नाहीस. मी घरी जाऊन रडले, मग पुन्हा लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी घेऊन आले. तू तेव्हा वाचलंस, सगळं, ओठ हलवत. तुला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि पहिल्या दिवशी तुझा चष्मा पर्समध्येच होता. ते मला आत्ता, मुलुंडच्या बसमध्ये कळलं.

म्हणजे मी पास झाले होते. आणि तरी तू माझ्याशी भांडत राहिलीस, अगदी पंख्यापर्यंत. भरतभाईंशी नाही भांडलीस, माझ्याशी भांडलीस. हे मला तुला विचारायचं आहे, काकी, आणि आता विचारता येत नाही. मी आपली चांगला अर्थ लावून घेते.

काल महेशदादाला सांगितलं. शर्ट इरफानभाईंचे, खालचं सगळं भरतभाईंचं. त्याने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की नाही. कापड नक्की आहे, माणूस अजून माहीत नाही. तो मेमध्ये कळेल. महेशदादा म्हणाला, आईसुद्धा कधी नक्की नव्हती, फक्त आवाज मोठा होता. आणि मग त्याने तोंड जिन्याकडे फिरवलं.

आज सकाळी मास्तरांनी इरफानभाईंचं तेच कापड थरावर थर लावून पसरलं, खडूने खुणा केल्या, कापायचं मशीन हातात घेतलं आणि थांबले. मला कळेना का थांबले. मग लक्षात आलं, सगळेच थांबलेत. एकदा कापलं की परत नाही, आणि कापायचा हुकूम आजवर तुझ्याशिवाय कोणी दिलेला नाही. मी तुझ्या खुर्चीत बसले नव्हते, टेबलाच्या कडेला उभी होते, तरी सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या.

"कापा," मी म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं नाही.

धाग्यांच्या टेबलावरून आई म्हणाली, "मोठ्याने बोल गं. पंखे चालू आहेत."

मी मोठ्याने बोलले.